सर्व्हिस मोटारीच्या छोट्या कंपनीचा इतिहास कसा लिहावा

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर धावली, हे बहुतेकांना माहीत असते. त्याआधी कितीतरी वर्षे तालुक्या-तालुक्यात फोर्ड, शेव्हरोले, बेडफोर्डच्या चासीवर लाकडी बॉडी चढवून माणसे, टपाल आणि टपावर आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या खासगी कंपन्या होत्या. लोक त्यांना सर्व्हिस मोटार म्हणत. त्यांचा इतिहास आज घरातल्या एखाद्या फोटोत आणि दोन-तीन सांगीव गोष्टींत उरला आहे, आणि तोही झपाट्याने संपत चालला आहे. अशा एका कंपनीचा इतिहास पुराव्यानिशी कसा उभा करायचा, ते इथे दिले आहे. उदाहरणे मुख्यतः कोल्हापूर, सातारा, बेळगाव आणि दक्षिण कोकण या पट्ट्यातली आहेत. इतरत्र पद्धत तीच राहते, कचेऱ्या बदलतात.

पहिल्यांदा एक गोष्ट पक्की करा. तुम्ही मालकाचे चरित्र लिहीत नाही. बस कंपनी म्हणजे तिचे मार्ग, तिच्या गाड्या आणि तो मार्ग चालवण्याचा परवाना. घरच्या आठवणींपासून सुरुवात केली, की "जिल्ह्यातली पहिली मोटार आमच्या आजोबांची" या वाक्यावर गाडी अडते आणि पुढचे सगळे त्या वाक्याला साजेसे गोळा होत जाते. परमिटापासून सुरुवात केली तर आठवणींना जागच्या जागी बसवता येते.

तीन वह्या

कागद हाती यायच्या आधीच तीन तक्ते आखा. संगणकावर करा किंवा फुलस्केप वहीत, पण तिन्ही वेगळे ठेवा.

पहिला मार्गांचा: कुठून कुठे, वाटेतले थांबे, मैल, रोजच्या फेऱ्या, हंगाम, परमिट कोणाच्या नावावर, कधीपासून कधीपर्यंत, पुरावा. दुसरा गाड्यांचा: नोंदणी क्रमांक, चासी कोणती, बॉडी कोणी बांधली, आसने, इंधन, कधी घेतली, कधी विकली, पुरावा. तिसरा माणसांचा: मालक, भागीदार, ड्रायव्हर, कंडक्टर, क्लिनर, बुकिंग क्लार्क, मिस्त्री. प्रत्येक ओळीत पुराव्याचा रकाना भरलाच पाहिजे. पुरावा तोंडी असेल तर "तोंडी" लिहा, सांगणाऱ्याचे नाव, नाते आणि तारीख टाका. हा रकाना रिकामा ठेवून पुढे गेलात, तर सहा महिन्यांनी कुठली गोष्ट कागदावरची आणि कुठली ऐकीव हे तुम्हालाच ओळखता येणार नाही.

हंगामाचा रकाना कोकणात आणि घाटात फार महत्त्वाचा आहे. पुष्कळ रस्ते उघडिपीचे होते. पावसाळ्यात गाडी बंद, किंवा अर्ध्या वाटेपर्यंतच. खाडीवर पूल नसायचा. गाडी एका काठावर थांबे, प्रवासी तरीतून (उताऱ्याच्या होडीतून) पलीकडे जात आणि तिथे दुसरी गाडी उभी असे. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन काठांवरच्या गाड्या वर्षानुवर्षे एकमेकींना भेटत नसत. गाड्यांची संख्या सांगताना हे ध्यानात घ्या, नाहीतर "पाच गाड्या होत्या" आणि "दोनच होत्या" या दोन्ही खऱ्या आठवणी तुम्हाला परस्परविरोधी वाटतील. मालवण, वेंगुर्ले, रत्नागिरी अशा बंदरांवर बसचे वेळापत्रक आगबोटीवर बेतलेले असे, तर देशावर ते रेल्वेगाडीवर बेतलेले असे. बोटीचे किंवा रेल्वेचे जुने वेळापत्रक मिळाले, की सर्व्हिसच्या सुटण्याच्या वेळेचा अंदाज ताडून पाहता येतो.

परमिट कुठे शोधायचे

१९३९ चा मोटार वाहन कायदा ही मोठी रेघ आहे. त्याआधी १९१४ चा कायदा होता आणि त्याखालचे नियम प्रांताप्रांतांचे होते. तेव्हाचा शोध जिल्हा पोलीस आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कागदांत घ्यावा. १९३९ च्या कायद्याने प्रांतिक आणि प्रादेशिक परिवहन प्राधिकरणे आली. ठरावीक मार्गावर टप्प्याटप्प्याने भाडे घेऊन गाडी चालवायची तर कलम ४२ खाली परमिट लागू लागले. कलम ५७ प्रमाणे असा अर्ज जाहीर करून हरकती मागवाव्या लागत, आणि कलम ६४ खाली अपील करता येई. इतिहास लिहिणाऱ्याला ही तरतूद फार उपयोगी आहे. कंपनीचे स्वतःचे कागद जळाले, वाळवीने खाल्ले, तरी तिने दुसऱ्याच्या अर्जावर घेतलेली हरकत किंवा दुसऱ्याने तिच्यावर घेतलेली हरकत कुठल्यातरी फाइलीत असू शकते. रेल्वेला समांतर धावणाऱ्या मार्गांवर रेल्वेचीही हरकत असे. म्हणून आपल्याच कंपनीचे नाव शोधत बसू नका. मार्गाचे नाव शोधा.

परमिटाची मुदत साधारण तीन ते पाच वर्षांची असे आणि तात्पुरते परमिट जास्तीत जास्त चार महिन्यांचे. जत्रेसाठी, लग्नसराईसाठी, उसाच्या हंगामासाठी घेतलेले तात्पुरते परमिट पाहून "या मार्गावर कंपनीची सेवा होती" असे लिहिले जाते. ते चूक आहे. मुदत बघितल्याशिवाय मार्गाच्या वहीत नोंद करू नका.

आता कचेऱ्या. आरटीओत इतकी जुनी रजिस्टरे बहुधा उरलेली नसतात, पण माहिती अधिकारात एक अर्ज जरूर करा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, प्रतींना पानामागे २ रुपये पडतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असे लिहिलेत तर "माहिती उपलब्ध नाही" हे एका ओळीचे उत्तर येईल. त्याऐवजी नेमके मागा: अमुक मार्गाच्या परमिट रजिस्टरची अमुक ते अमुक वर्षांची पाने, आणि ती नष्ट केली असतील तर अभिलेख नष्ट केल्याच्या नोंदवहीतील संबंधित पान. या दुसऱ्या मागणीमुळे कपाट निदान उघडले जाते. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

खरा साठा पुराभिलेख संचालनालयात आहे. मुंबईचे मुख्य दालन एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, पुण्याला पेशवे दप्तराची इमारत आणि कोल्हापुरात संस्थानी दप्तर. मुंबई सरकारात मोटार वाहतूक गृह खात्याकडे होती, म्हणून सूची मागताना "वाहतूक" शब्दावर अडून बसू नका. गृह खात्याची आणि रस्ते-पुलांसाठी सार्वजनिक बांधकाम खात्याची सूची मागा.

संस्थानी मुलखात काम दुप्पट होते. सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, सावंतवाडी ही संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. त्याआधी निपाणी–कोल्हापूर अशा थोड्या मैलांच्या मार्गाचे एक टोक ब्रिटिश हद्दीत आणि दुसरे संस्थानात पडे, म्हणजे दोन राज्यांची परवानगी आणि दोन ठिकाणचे कागद. त्यात १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि दप्तर आणखी एकदा विभागले गेले. संस्थानाचे गॅझेट आणि वार्षिक प्रशासन अहवाल चाळल्याशिवाय "कागद मिळत नाहीत" असे म्हणू नये. मराठवाड्यातले चित्र अगदीच वेगळे आहे. तिथे निजामाच्या रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्येच बस सुरू केल्या होत्या, त्यामुळे खासगी कंपनीला मिळालेले मार्ग बहुतेक आडवाटेचे असणार, हे धरून शोध घ्या.

जिल्हा गॅझेटियरमधले दळणवळणाचे प्रकरण वाचाच. पुण्याचे १९५४ चे, कोल्हापूरचे १९६० चे, रत्नागिरीचे १९६२ चे आणि साताऱ्याचे १९६३ चे गॅझेटियर रस्ते, घाट, तरी यांच्या माहितीसाठी उत्तम आहेत. त्यांत कंपनीचे नाव नसले तरी तिच्या रस्त्याचे मैल आणि तो बारमाही होता की नाही हे कळते.

"कंपनी" नेमकी कोण होती

गाडीवर रंगवलेले नाव आणि कायद्यातले नाव एकच असेल असे समजू नका. चार शक्यता असतात: एका माणसाची मालकी, भागीदारी, नोंदलेली मर्यादित कंपनी, किंवा मालकांची युनियन. शेवटच्या प्रकारात पाच-सात मालक एकाच नावाची पाटी लावून, एकाच बुकिंग ऑफिसातून, पाळीने गाड्या सोडत. गाडी मात्र ज्याची त्याची. अशा वेळी तीन घरांतली माणसे "ती आमचीच कंपनी होती" असे सांगतात आणि तिघेही खरे बोलत असतात.

मर्यादित कंपनी असेल तर कंपनी निबंधकांकडे नोंद असते. भागीदारी असेल तर १९३२ च्या कायद्याखाली फर्म्सच्या निबंधकांकडे पाहा, पण भागीदारीची नोंदणी सक्तीची नव्हती, म्हणून नोंद न सापडणे हा काहीच पुरावा नाही. परमिट भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावावर असणे नेहमीचेच. म्हणून माणसांच्या वहीत नाती लिहून ठेवा. वेगळ्या आडनावाचा परमिटधारक दिसला की लगेच तो स्पर्धक ठरवू नका.

गॅरेजची जागा विसरू नका. सिटी सर्व्हेचे मिळकत पत्र किंवा सातबारा आणि जुने फेरफार काढले, की जागा कधी घेतली, कोणाकडे गहाण टाकली, कधी सुटली हे तारखेनिशी मिळते. मोटार धंद्यातली बहुतेक भांडवल-कथा त्या गहाणखतात असते. दुय्यम निबंधकांकडची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्तांची यादी) त्यासाठीच बघायची.

फोटो, तिकिटे, चोपड्या

जुना फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, पुढून आणि मागूनही. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख असते. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पान तसेच स्कॅन करा. सेलोटेप कुठेच लावू नका. तो पिवळा पडतो आणि चित्र घेऊन निघतो. लॅमिनेशन तर कधीच नाही.

फोटोचा काळ ठरवताना आधी नंबरप्लेट पाहा. जुन्या मुंबई इलाख्यातल्या पाट्या बी अक्षराने सुरू होतात, १९६० नंतरच्या महाराष्ट्रातल्या तीन अक्षरी पाट्या एम अक्षराने, गोव्यातल्या मुक्तीनंतरच्या जीडी ने. एमएच आणि पुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ ची. मात्र पाटीवरून गाडी नोंदल्याचा काळ कळतो, फोटोचा नाही. १९४६ ची गाडी १९५८ च्या लग्नाच्या फोटोत उभी असू शकते. गाडीच्या मागे किंवा बाजूला उंच नळकांडे दिसले तर तो कोळशाचा गॅस प्लँट. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आल्यावर गाड्या लोणारी कोळशाच्या गॅसवर चालवाव्या लागल्या, म्हणून असा फोटो बहुधा १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धाचा. गॅसवर ताकद कमी पडे. घाटात प्रवाशांना उतरून चालावे लागे ही आठवण जवळजवळ प्रत्येक कुटुंबात निघते आणि ती विश्वासार्ह आहे. टाटा–मर्सिडीज-बेंझची गाडी दिसली तर फोटो १९५४ नंतरचा, म्हणजे ती तुमच्या कंपनीच्या बसच्या काळातली की नंतरच्या ट्रकच्या काळातली हे विचारून घ्या.

तिकीट सापडले तर सोने समजा. खालच्या कडेला छापखान्याचे नाव असते, टप्पे असतात, दर असतो. दर आणे-पैत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, "न.पै." (नया पैसा) असेल तर नंतरचे.

जमाखर्चाच्या चोपड्या मोडीत असण्याची शक्यता मोठी. मोडी येणारा माणूस आधी शोधा, मग चोपडी उघडा, कारण पाने उलटताना कडा तुटतात. तारखांकडे लक्ष द्या. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडव्यापर्यंत ७९. मराठवाड्यात फसली (निजामी राजवटीतले साल) असेल तर साधारण ५९० मिळवा. व्यापारी चोपडी दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते, त्यामुळे "त्या सालचा नफा" दोन इंग्रजी वर्षांत पसरलेला असतो.

हिशेब मांडून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. ती गाळू नये, कारण आठवणीतल्या आकड्यांची परीक्षा इथेच होते. रीत अशी. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. समजा तिकिटावरून दर मैलाला ६ पै निघाला आणि मार्ग २४ मैलांचा आहे. भाडे १४४ पै, म्हणजे १२ आणे. गाडीची आसने २२. भरलेली एक खेप २६४ आणे, म्हणजे १६ रुपये ८ आणे. रोज दोन फेऱ्या म्हणजे चार खेपा: पूर्ण भरल्या तर ६६ रुपये, साठ टक्के भरल्या तर ३९ रुपये ९ आणे आणि वर काही पै. आता खर्च. चार खेपांचे ९६ मैल. गॅलनला १२ मैल धरले तर ८ गॅलन पेट्रोल. त्या साली त्या गावात पेट्रोलचा भाव काय होता तो वर्तमानपत्रातून घ्या, त्यावर ड्रायव्हर-कंडक्टर-क्लिनरचा पगार, टायर, वाहन कर आणि चासीचा हप्ता चढवा. मुंबई प्रांतात १९३५ च्या कायद्याने मोटार वाहन कर होता, त्याच्या पावत्या घरात असतील तर आसनसंख्याही तिथून पडताळता येते.

कागदावरची आसने आणि प्रत्यक्ष बसणारी माणसे यांत फरक असे, टपावरही माणसे असत. म्हणून हा हिशेब कमीत कमी उत्पन्नाचा माना. रक्कम आजच्या रुपयांत बदलण्याचा मोह टाळा. त्याच साली त्याच बाजारात ज्वारीची पायली किंवा शेतमजुराचा रोज किती होता ते शेजारी लिहिले, की वाचकाला जास्त नेमके कळते.

माणसांशी बोलताना

१९४८ मध्ये जो विशीत होता तो आज नव्वदी पार केलेला आहे. म्हणजे पहिल्या पिढीच्या आठवणी आता मुलांकडून, पुतण्यांकडून मिळणार. त्यांना "कोणत्या साली?" विचारू नका. नया पैसा आला तेव्हा गाडी होती का? पानशेत फुटले (१२ जुलै १९६१) त्याआधी की नंतर? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा गॅरेज होते का? अशा खुणांवर माणसे अचूक बोलतात.

मालकाच्या घरी एक बैठक आणि ड्रायव्हर-क्लिनरच्या घरी तीन, असे प्रमाण ठेवा. रेडिएटरमध्ये पाणी कुठल्या ओढ्याचे घालत, हँडल कोण मारी, स्प्रिंगचे पान तुटले तर कुठल्या लोहाराकडे जात, टपाची भाडी वेगळी होती का, कोणाला मागच्या बाकावर बसवत आणि कोणाला गाडीत घेतच नसत, हे मालकाच्या वंशजांना ठाऊक नसते. शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण तो विचारलाच पाहिजे.

अपघाताची हकीकत वर्तमानपत्र आणि न्यायालयीन कागद या दोन्हींतून जुळवा. पहिल्या दिवशीच्या बातमीतला मृतांचा आकडा पुष्कळदा नंतर बदललेला असतो. केसरी, सकाळ, पुढारी यांचे त्या आठवड्याचे सगळे अंक बघा, एकच नव्हे. मृतांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नावे छापू नका.

एसटी आली तेव्हा

इथे सरधोपट वाक्य टाळा. "सरकारने गाड्या हिसकावल्या" हेही आणि "लोकांची लुटीतून सुटका झाली" हेही. राष्ट्रीयीकरण एका दिवसात झाले नाही. ते मार्गामार्गाने, जिल्ह्याजिल्ह्याने पुढे सरकले. तुमच्या कंपनीचा कोणता मार्ग कधी गेला, परमिट रद्द झाले की नूतनीकरण नाकारले गेले, गाड्या कोणी घेतल्या, कोणता ड्रायव्हर एसटीत लागला, हे मार्गांच्या आणि माणसांच्या वहीत ओळीओळीने भरा.

कायद्याची चौकटही नीट द्या. १९५० मध्ये रस्ते वाहतूक महामंडळांचा कायदा आला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने राज्याला एखादा धंदा स्वतःकडे घेण्याची मुभा स्पष्ट झाली. सगीर अहमद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बसमालकांच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात प्रकरण चार-अ आले: योजना प्रसिद्ध करायची, हरकती ऐकायच्या, मग परमिटे रद्द करायची, आणि भरपाई किती तर उरलेल्या मुदतीच्या दर महिन्याला २०० रुपये. म्हणून तुमच्या कंपनीचा मार्ग १९५६ च्या आधी गेला की नंतर, यावर तिच्या मालकाला काय मिळाले हे अवलंबून आहे. घरात "काहीच मिळाले नाही" असे सांगत असतील तर ही तारीख आधी तपासा.

बस गेल्यावर मालक ट्रककडे वळला, पेट्रोल पंप घेतला, की धंदाच सोडला, हे प्रकरण लहान ठेवले तरी चालेल, पण गाळू नका.

गोव्यात गोष्ट उलटी आहे. तिथले सरकारी कदंब बस महामंडळ १९८० मध्ये आले आणि खासगी बस आजही धावते, त्यामुळे मालक, ड्रायव्हर, परमिट सगळे जिवंत सापडते. १९६१ पूर्वीसाठी पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीज सरकारचे राजपत्र पाहा. तिथे अंतर किलोमीटरमध्ये आणि भाडे रुपियात, शेवटी एस्कुदोत असते. सीमेअलीकडच्या मैल-आण्यांशी ते मिसळू देऊ नका.

लिहिणे आणि छापणे

प्रकरणे वर्षांप्रमाणे न पाडता मार्गांप्रमाणे पाडा. प्रत्येक मार्गाला एक नकाशा, घाट, तरी आणि थांबे दाखवणारा. "पहिली", "सर्वात मोठी", "एकमेव" हे शब्द पुराव्याच्या रकान्यात दोन स्वतंत्र कागद असतील तरच ठेवा. मुद्रणप्रत त्या मार्गावरच्या गावांतल्या दोन-तीन जाणत्यांना वाचायला द्या. गावांची नावे, थांब्यांचा क्रम आणि आडनावे यांतल्या चुका तेच काढतील.

पानांची संख्या १६ च्या पटीत ठेवा: ६४, ८० किंवा ९६. मध्येच ७० पाने केलीत तर कागद वाया जातो आणि छापखाना त्याचे पैसे लावतो. फोटो एका फॉर्मात (एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांत) घेतले तर तेवढाच आर्ट पेपर लागेल. गाड्यांची पूर्ण यादी परिशिष्टात द्या, दुसऱ्या कंपनीचा इतिहास लिहिणाऱ्याला तीच सर्वात जास्त उपयोगी पडते, कारण जुन्या गाड्या एका कंपनीकडून दुसरीकडे विकल्या जात. छापल्यावर ३० दिवसांत १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवा. एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात द्या, आणि स्कॅन केलेल्या मूळ कागदांचा संच दोन वेगवेगळ्या घरांत, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.